दोनदा गेलात तुम्ही

परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं. चाळीच्या पटांगणात मांडव, भाड्याच्या खुर्च्या, तुमचा लष्करातला फोटो, पांढरी फुलं, सगळं नीट झालं. वंदना झाली आणि मग एकेक जण माइकसमोर उभा राहून तुमच्याबद्दल बोलायला लागला. लढाईवर गेलेले, शिस्तीचे, शब्दाचे पक्के, संपात डगमगले नाहीत. ऐकता ऐकता मला वाटलं, हे चाललंय कोणाबद्दल? यात तुमचं घोरणं नाही. चहात स्वतःच दुसऱ्यांदा साखर घालून "काय पाक केलायस" म्हणून माझ्यावर डाफरणं नाही. शेवटी मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "आता शांतावहिनी दोन शब्द बोलतील." मी उठले, माइक हातात घेतला, आणि तोंडातून काही म्हणता काही फुटेना. ना शब्द, ना रडू. माइक देऊन खाली बसले. मागच्या खुर्चीवरची बाई शेजारणीला म्हणाली, "कडक आहे हो. एक टिपूस काढलं नाही." मला ऐकू यावं असंच म्हणाली.

ती खोटं नाही बोलली. तुम्ही सकाळी चहा मागितलात आणि मी कप घेऊन येईपर्यंत गेलात, तेव्हापासून मला रडू आलेलं नव्हतं. कोरडी ठणठणीत होते मी. चाळीस वर्षं संसार केलेल्या बायका नवऱ्यामागे भिंतीवर डोकं आपटतात, आणि मी इथे बसून विचार करत होते की दुधाच्या पिशव्या आता दोन घ्यायच्या की एक. मला माझीच भीती वाटायला लागली होती. माइकवर राहिलं ते आता तुम्हाला सांगायला बसलेय. सातवी पास बाईचं लिहिणं आहे, हसायचं नाही.

त्या सकाळचं तुम्हाला माहीत नसेल, म्हणून सांगते. आक्का नायगावहून आल्या. तुमची बहीण ती, दारातूनच हंबरडा फोडत आल्या, तुमच्या पायांवर पडल्या आणि उठल्या त्या थेट माझं मनगट धरून. मला कळलं पुढे काय ते. पण आपला विलास मध्ये आला. एरवी आत्यासमोर मान वर न करणारा पोरगा म्हणाला, "आत्या, सोड. बाबांनी सांगून ठेवलंय. आईच्या बांगड्यांना कोणी हात लावायचा नाही." मंडळाचे लोकही बोलायला लागले, आक्का, आपल्यात आता हे चालत नाही, बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्यात आपण. आक्का भडकल्या. "मला नका शिकवू प्रतिज्ञा. माझा भाऊ गेलाय. रीत ती रीत." तुम्ही मध्ये झोपलेले, आणि तुमच्या अंगावरून यांची बाचाबाची. माझा हात आपला आक्कांच्या मुठीत. हे सगळं माझ्या हातांबद्दल चाललं होतं, आणि एकानेही मला विचारलं नाही, बाई, तुला काय हवंय? शेवटी विलासने आक्कांची बोटं सोडवली. बांगड्या राहिल्या. रोज भांडी घासताना त्यांच्याकडे बघते. त्या ठेवायच्या की काढायच्या, मला काही केल्या ठरवता येत नाहीये.

आक्कांची ती पकड मी ओळखली हो. अगदी तीच. पहिल्या खेपेचीच.

पहिली खेप. या घरात तो विषय कधी निघाला नाही. आता तुम्ही मला गप्प करू शकत नाही, तेव्हा बोलते.

बांगलादेशची लढाई सुरू होती. आपल्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. चाळीत सगळ्यांनी काचांना काळे कागद चिकटवले होते, भोंगा झाला की दिवे बंद. आपल्या चाळीत रघुनाथ कांबळे दोन. (तुमचं नाव कधी घेतलं नाही, आता लिहायला तरी हरकत नाही ना?) तुम्ही तिसऱ्या मजल्यावरचे, म्हणून वरचा रघुनाथ. पहिल्या मजल्यावरचा तो खालचा रघुनाथ. एका गावचे, एका भावकीतले, एकाच दिवशी भरती झालेले आणि एकाच पलटणीत पूल बांधायला गेलेले. त्याची बायको इंदू. तिचं माझं लग्न एकाच उन्हाळ्यातलं. दोघी एका नळावर पाणी भरायचो, दोघींच्या हातात हिरवा चुडा.

तारवाला आला तेव्हा आक्का नळावर होत्या, तेव्हा आपल्याकडेच राहायच्या त्या. त्याने पटांगणात उभं राहून विचारलं, "रघुनाथ कांबळे कोणाचे?" पाकिटावर चाळीचा नंबर होता, खोलीचा नव्हता. आक्का कित्येक दिवस धसका घेऊनच बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारला, "आमचाच गं बाई तो," आणि तार घेतली. कुणीतरी वाचून सांगितलं, आघाडीवर कामी आले. आक्का जिने चढत किंचाळत वर आल्या. हा खालचा तर नसेल, असं चाळीतल्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही. तारेत पलटणीतला नंबर होता, पण तुमचे नंबर कोणाला पाठ होते? जी पहिली ओरडत आली, मयत तिच्या घरचं झालं.

उंबऱ्यावर बसवून आक्कांनी माझा चुडा फोडला. मनगटावर काच लागली, त्याची खूण अजून आहे. आणि त्या वेळी मला पोटाशी कोणी धरलं होतं? इंदूने. तिच्या बांगड्या माझ्या कानाशी वाजत होत्या. पुढचे सगळे दिवस तीच वर येऊन मला भाताचे घास भरवायची, वेणी घालायची, म्हणायची, "शांते, मी आहे ना." मी काय रडले हो तेव्हा! घसा बसला, डोळे सुजून उघडेनात. तुमच्या नावाचं जेवढं पाणी माझ्या अंगात होतं तेवढं सगळं तेव्हा गेलं असणार.

आणि मग तुम्ही आलात.

लढाई थांबून दोन-तीन आठवडे झाले असतील. डाव्या कानावर पट्टी, खांद्याला पिशवी. तुम्ही आधी आपल्याकडे आला नाहीत. पहिल्या मजल्यावर थांबलात. खालच्या रघुनाथाचं घड्याळ आणि स्वेटर घेऊन आला होतात, आणि तुम्हाला वाटत होतं, इंदूला तार केव्हाच मिळाली असेल. दार इंदूने उघडलं. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातभर बांगड्या. तुम्हाला बघून ती आनंदाने ओरडलीच, "अगं शांते, धाव! भावजी आले गं, जिवंत आहेत!" मी जिन्यावरून कशी खाली आले मला माहीत नाही. तुम्ही वर बघितलंत. माझं पांढरं कपाळ बघितलंत, माझे उघडे हात बघितलेत. मग इंदूचे हात. मग पुन्हा माझे. आणि तुम्हाला कळलं. त्या जिन्यावर तेव्हा फक्त तुम्हालाच कळलं होतं. पिशवीतून स्वेटर काढलात आणि इंदूच्या हातात दिलात. स्वेटर तिनेच विणला होता.

त्या संध्याकाळी आपल्या खोलीत आक्कांनी कासारीण बोलावली. तुम्ही म्हणालात, "आज नको." आक्कांनी ऐकलं नाही. मी नवा चुडा भरत होते आणि खाली पहिल्या मजल्यावर इंदूचा फोडत होते. दोन्हीचा आवाज एकाच वेळी येत होता. कासारीण गेल्यावर तुम्ही मला समोर बसवलंत, "शांता, शपथ घे. मी खरोखर मेलो तरी हे पुन्हा होऊ द्यायचं नाही." मी मान हलवली. वीस वर्षांची होते. तुम्ही सांगाल त्याला मान हलवायचं वय ते.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. तुम्ही परत आलात, आणि मला आनंद झाला नाही. झाला असेल, घटकाभर. पण मी तुम्हाला पोचवून मोकळी झाले होते हो. तुमचं सगळं आवरून ठेवलं होतं मनात. मग हा कोण माणूस येऊन ताटावर बसलाय, असं वाटायचं. कितीतरी महिने तुमच्या ताटात वाढताना माझा हात परक्या माणसाला वाढावं तसा आखडायचा. हे मी तुम्हाला सांगितलंही आहे म्हणा, पण डाव्या बाजूने. त्या कानाने तुम्हाला ऐकू यायचं बंद झालं, आणि माझी सोय झाली. जे तोंडावर बोलायची छाती नव्हती, ते सगळं तुमच्या डावीकडे बसून तांदूळ निवडता निवडता बोलून टाकलंय मी. प्रेमाचंही. तुम्ही आपले "काय गं पुटपुटतेस?" म्हणायचात, मी म्हणायचे, खडे लागतायत.

लष्करातून सुटून तुम्ही मिलच्या सुतारखात्यात लागलात. जातीचे सुतार नाही, पण पूल बांधता बांधता हात असा तयार झाला की बघत राहावं. ड्यूटीवरून आलात की चाळीतल्या लोकांचे पोटमाळे, फळ्या, मोऱ्यांची दारं. आणि सगळ्यांच्या आधी इंदूचं. इंदूची खाट, इंदूची मांडणी, इंदूचं दार. आपलं दार मात्र दरवर्षी चौकटीत अडकायचं, खांद्याने ढकलल्याशिवाय उघडायचं नाही. मी म्हणायचे, "सुताराच्या घरचं दार बघा लोक हो!" तुम्ही म्हणायचात, "होईल गं, रंधा मारतो रविवारी." कुठला रविवार तो, देव जाणे. हो, देव म्हटलं, चालवून घ्या. लोकांनी तुमचं आणि इंदूचं काय काय जोडलं. मला पक्कं ठाऊक होतं, तसलं काही नाही. तसलं असतं तर चार शिव्या घालून भांडता तरी आलं असतं. तुम्ही आपले तिच्या दाराला बिजागऱ्या लावत बसायचात, कारण त्या दारात तुम्ही उभे राहिलात आणि ती विधवा झाली. याच्याशी कसं भांडायचं?

मग संप आला. पहिले काही महिने सगळे जोरात होते, तुम्हीही. नंतर एकेकाच्या घरातून भांडी जायला लागली, माणसं गावी जायला लागली. आपल्याकडे दोन वेळची चूल एक वेळेवर आली. तेव्हा तुमच्या खात्यातले परब घरी आले. चांगला माणूस. म्हणाले, "रघू, लालबागला गणपतीचा मंडप आहे. महिना-दोन महिन्यांचं काम. तुझ्यासारखा हात नाही कोणाचा." तुम्ही नाही म्हणालात. परब म्हणाले, "अरे खांब उभे करायचेत, तुला आरती कोण म्हणायला सांगतंय?" तुमचं एकच, "प्रतिज्ञा घेतलीय, परब. मी हात नाही लावणार." ते गेल्यावर माझी जी सटकली! "पूजा करायची नाही असं म्हटलंय, खिळा ठोकायचा नाही असं कुठे म्हटलंय? खिळ्याला काय धर्म असतो?" तुम्ही म्हणालात, "तुला नाही कळायचं. आज खिळा, उद्या हात जोडेन." मी म्हटलं, "पोराला आज काय घालू ते सांगा, उद्याचं उद्या." सगळ्या गॅलरीने ऐकलं. विलास तेव्हा दुसरीत की तिसरीत होता, कोपऱ्यात पाटी धरून बसला होता.

तुम्ही हटला नाहीत, म्हणून मीच निघाले. लालबागला एका गाळ्यात बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनवायचे, तिथे लागले. मशीनला पट्टा होता, त्यामुळे बायकांना बांगड्या घालून बसू देत नसत. पहिल्या दिवशी मी बांगड्या उतरवून डब्याच्या पिशवीत टाकल्या आणि संध्याकाळी थकव्यात घालायला विसरले. तशीच वर आले. तुम्ही दारात बसला होतात. माझ्या हातांकडे बघितलंत आणि तुमचा चेहराच उतरला. असा चेहरा मी एकदाच बघितला होता, त्या जिन्यावर. "घाल आधी! आत्ता घाल!" एवढे ओरडलात की शेजारच्या खोलीतला रेडिओ बंद झाला. मग खाली मान घालून बसलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही हत्यारांची पिशवी उचललीत आणि परबांकडे गेलात. मंडपाच्या कामावर. संध्याकाळी आलात आणि मोरीत कितीतरी वेळ हात धूत होतात. एवढंच म्हणालात, "उद्यापासून तू गाळ्यावर जायचं नाहीस."

मी म्हटलं, "जाणार."

का म्हटलं, ते तेव्हा मलाही कळलं नव्हतं. आता सांगते. मला तिथे बरं वाटायचं हो. बायका हसायच्या, चहा यायचा, कोणी मला रघुनाथची बायको म्हणून ओळखत नव्हतं. इंदूचे डोळे नव्हते तिथे. आणि माझ्या उघड्या हातांकडे बघून कोणाला काही आठवत नव्हतं. तुम्ही तुमची प्रतिज्ञा माझ्यासाठी बाजूला ठेवलीत, हे मला समजत होतं. तुमच्यासारख्या माणसाला ते किती जड गेलं असेल तेही समजत होतं. पण मी काही काम सोडलं नाही. तुम्हीही दर वर्षी मंडपावर जात राहिलात. मिलने पुढे तुम्हाला परत घेतलं नाहीच. मग जिन्याखाली फळी टाकून तिथेच तुमचं सुतारखातं सुरू झालं.

मी काय करायचे, तर येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबून पिशवीतल्या बांगड्या हातात चढवायचे आणि मगच वर यायचे. वर्षानुवर्षं. तुम्हाला ते माहीत होतं. खाली जिन्याजवळ काम करत असायचात, मला वर जाताना बघायचात, आणि मुद्दाम मागून लगेच यायचा नाहीत. लाकडावर उगाच दोन हात जास्त मारत राहायचात, मी घरात शिरेपर्यंत. कधी बोलला नाहीत. तुम्ही मला दिलेल्या सगळ्या गोष्टींत ही एक मला सगळ्यात मोठी वाटते. बाकीच्या नवऱ्यांनी तेवढ्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं.

आपलं शेवटचं भांडणही याचंच. गेल्या महिन्यात छातीत कळ आली, तेव्हा तुम्ही पुन्हा सुरू केलंत. "शपथ लक्षात आहे ना? बांगड्यांना हात लावू द्यायचा नाहीस." मी म्हटलं, "हात माझे आहेत. माझं मी बघेन. ठेवावंसं वाटलं तर ठेवीन, नाही तर नाही. तुम्ही घालायला सांगणार, आक्का काढायला सांगणार, मी काय खुंटी आहे?" आणि तुम्ही काय केलंत? डावा कान माझ्याकडे केलात आणि डोळे मिटून घेतलेत. नाटकी माणूस! मला हसू आलं, तुम्हालाही. विषय तिथेच राहिला. मला वाटलं, परत कधीतरी भांडू.

तर परवाचं. कार्यक्रम संपला, लोक गेले, आक्का माझ्याकडे न बघता नायगावला गेल्या. विलास खुर्च्या परत करायला गेला. मी एकटीच होते, तेव्हा इंदू वर आली. इतके दिवस ती रोज येत होती, पण सगळ्यांबरोबर. त्या दिवशी एकटी आली, माझ्याजवळ भिंतीला टेकून बसली. केस सगळे पांढरे झालेत तिचे. एका चाळीत आम्ही एवढी वर्षं काढली, लोणचं, पीठ, पोरांची दुखणी, सगळं एकमेकींचं केलं, पण त्या जिन्याबद्दल एक शब्द नाही. परवा तीच म्हणाली.

"शांते, तेव्हा मी तुझ्यासाठी रडले गं. इतकी रडले की माझी पाळी आली तेव्हा रडताच येईना. लोकं म्हणाली, दगड आहे."

मी म्हटलं, "मला पण म्हणतायत."

तिने माझा हात हातात घेतला. आक्कांसारखा नाही, नुसता घेतला. बांगड्या बोटाने मागेपुढे केल्या आणि विचारलं, "तुला काय पाहिजे? ठेवायच्यात की काढायच्यात?"

अहो, पहिल्यांदा कोणीतरी विचारलं. तुम्ही नाही, विलासने नाही, कोणीच नाही, आणि विचारलं ते इंदूने. मी म्हणणार होते, मला कळत नाही गं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"इंदू, काढल्या, आणि ते आले तर?"

म्हणजे तेच होतं माझ्या मनात. आठवडाभर मी तुमची वाटच बघत होते. मागच्या खेपेलाही अशीच माणसं जमली होती, अशीच रडली होती, आणि तुम्ही जिना चढून आला होतात. या वेळी आलात आणि माझे हात उघडे दिसले, तर तुमचा तो चेहरा मला पुन्हा बघायचा नव्हता. म्हणून मी रडत नव्हते. म्हणून दुधाच्या पिशव्या दोन येत होत्या.

इंदूने माझा हात सोडला नाही. म्हणाली, "नाही येणार, शांते. तेव्हा आपण कोणीच बघितलं नव्हतं. या वेळी मी त्यांची हनुवटी बांधलीय माझ्या हाताने."

मग मला रडू फुटलं. विलास आला, दाराला खांदा लावून आत शिरला, माझ्याकडे बघून घाबरला, तरी मला थांबता येत नव्हतं. इंदूही रडत होती. ती वरच्या रघुनाथासाठी रडत होती की खालच्या, ते मी विचारलं नाही.